कोरडवाहू घरातील न्याहारी, दुपार आणि मधली वेळ

भेटीच्या रविवारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात पालकांच्या पिशव्या उघडल्या जातात. त्यांत काय असते, हे मी गेली काही वर्षे जाणीवपूर्वक पाहत आलो आहे. वरच्या बाजूला बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे, झटपट शिजणाऱ्या शेवया. आणि अगदी तळाशी, एखाद्या जुन्या स्टीलच्या डब्यात किंवा धुतलेल्या फडक्यात, आईच्या हातचे धपाटे नाहीतर शेंगदाण्याची चटणी. मुलगा पुडे मित्रांसमोर काढतो. फडके मात्र न उघडताच पेटीत ठेवून देतो. चाळीस वर्षांपूर्वी मी याच वसतिगृहाचा विद्यार्थी होतो. तेव्हा पुडे नव्हते, पण फडके लपविण्याची रीत होती. माझ्या आईने एस.टी.ने सत्तर किलोमीटर प्रवास करून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी मी एकदा दिवा मालवल्यावर, अंधारात, एकट्याने खाल्ल्या होत्या. त्या भाकरीत लपविण्यासारखे काय होते, हा प्रश्न पुढे अन्न व पोषण हा माझ्या अध्यापनाचा विषय झाल्यावरही सुटला नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्याच प्रश्नाचा अभ्यास मांडावा असे ठरविले.

अभ्यासाचे क्षेत्र मर्यादित आहे. बीड, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतून जाणाऱ्या बालाघाटच्या पठारावरील कोरडवाहू घर, म्हणजे दोन-चार एकरांचा अल्पभूधारक किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. अशा घरात सकाळी, दुपारी आणि मधल्या वेळी काय खाल्ले जाई, ते कसे तयार होई, आणि आज त्यातले काय उरले आहे, एवढाच विषय. सणावाराचे पक्वान्न आणि मांसाहार हे दोन्ही येथे वगळले आहेत. त्यांवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

धान्य आणि भाकरी

या घराचे सारे खाणे रब्बी ज्वारीभोवती फिरत असे. भाद्रपद-आश्विनात, पावसाळा सरत आला की काळ्या जमिनीत पेरणी होते. पुढे पाऊस न पडताही, जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या थंडीवर हे पीक उभे राहते आणि माघ-फाल्गुनात काढणीला येते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. मालदांडी हे नाव आजही बाजारात ज्वारीच्या प्रतिष्ठेचे नाव आहे. तिचा दाणा मोत्यासारखा पांढरा, भाकरी मऊ आणि किंचित गोडसर. १९६०च्या दशकात खरिपाची संकरित ज्वारी आली. तिने उत्पन्न वाढविले हे मान्य केले पाहिजे. परंतु काढणीच्या वेळी पाऊस आला की तिचा दाणा काळा पडे, आणि तिच्या भाकरीला घरात कोणी चांगले म्हणत नसे. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांना या तुलनेचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

भाकरीची कृती आपल्या वाचकांना ठाऊक आहे असे मी पूर्वी गृहीत धरीत असे. आता धरीत नाही, कारण माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना ती येत नाही. ज्वारीच्या पिठात गहू धरून ठेवणारा चिकटपणा, म्हणजे ग्लुटेन, नसते. म्हणून पोळीच्या कणकेप्रमाणे ते थंड पाण्यात मळून भागत नाही. कडक तापविलेले पाणी घातले की पिठातील पिष्ट थोडे शिजते आणि तेच चिकटपणाचे काम करते. एका भाकरीपुरतेच पीठ घ्यावयाचे, काठवटीत तळहाताच्या जोराने ते गुळगुळीत होईपर्यंत मळावयाचे आणि लगेच थापावयाचे; मळून ठेवलेल्या पिठाच्या भाकरीला कडा फुटतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकू लागताच उलटावी, आणि दुसरी बाजू भाजली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करून फुगवावी. पीठ ताजे दळलेले असावे. जुन्या पिठाला विरी राहत नाही. यात मापाचे काही नाही, सारे हाताच्या अंदाजाचे आहे. म्हणूनच ही विद्या हातातून हातात गेली नाही तर पुस्तकातून परत मिळणे अवघड आहे.

न्याहारी

सकाळची न्याहारी म्हणजे बहुधा रात्रीची भाकरी. ती दुरडीत झाकून ठेवलेली असे. तिच्याबरोबर कांदा बुक्कीने फोडावयाचा, चटणीवर तेलाची धार सोडावयाची, आणि शेताकडे निघावयाचे. ताक असेल तर भाकरी त्यात कुस्करून काला केला जाई. भाकरी जास्त उरली असेल तर ती कुस्करून कांदा, मिरची, हळद यांची फोडणी दिली जाई. मुले तिची वाट पाहत असत. शिजवून थंड झालेल्या पिष्टाचा काही भाग आतड्यात सावकाश पचतो, हे आज पोषणशास्त्र सांगते. शिळी भाकरी खाऊन निघालेला माणूस दुपारपर्यंत टिकतो, हे घरातील बायांना त्या शास्त्राशिवाय माहीत होते.

उन्हाळ्यात आंबील. रात्री वाटीभर पातळ ताकात दोन चमचे ज्वारीचे पीठ कालवून झाकून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाण्याला मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालून उकळी आणावी, आंबलेले पीठ बारीक धारेने सोडीत ढवळत राहावे, म्हणजे गुठळी होत नाही. कच्चा वास गेला की उतरावे, निवल्यावर हवे तेवढे ताक मिसळावे. धान्यांत असलेले फायटेट शरीरात लोह शोषले जाण्याच्या आड येते आणि आंबविल्याने ते कमी होते; म्हणजे त्याच पिठातून आंबलेल्या रूपात शरीराला अधिक लाभ होतो. ज्यांच्या घरी ताकही नसे ते शेजारून मागून आणीत. ताक विकत नसे, हा एक जुना शिरस्ता होता, आणि अनेक गरीब घरांची आंबील त्यावर चाले. अर्थात कोणाच्या भांड्यात ते किती उंचावरून ओतले जाई, हाही त्या शिरस्त्याचाच भाग होता, आणि तो विसरून ताकाचे गुणगान करणे मला जमत नाही.

कण्या हा तिसरा प्रकार. जात्यावर ज्वारी भरडून, पीठ चाळून घेतल्यावर उरलेला रवा म्हणजे कण्या. त्या भातासारख्या शिजवून ताकाबरोबर खात. ताककण्या आजाऱ्याला, म्हाताऱ्याला आणि दात न आलेल्या मुलाला सारख्याच चालत. हिवाळ्यात हुलग्याचे माडगे होई. हुलगे खमंग भाजून भरडावयाचे, ते पीठ पाण्यात कालवून उकळावयाचे आणि गूळ किंवा लसूण-मीठ घालून गरम प्यावयाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम हुलग्यात २० ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि ८ मिलिग्रॅमच्या वर लोह दाखविले आहे. हे धान्य बैलांचे खाद्य म्हणून हिणविले गेले, आणि त्यामुळेच गरिबांच्या घरात टिकले.

आता शिळ्या भाकरीविषयी थोडे थांबून लिहावे लागेल, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे असे मला वाटते. आपल्या पूर्वजांच्या जीवनात शिळी भाकरी दोन प्रकारची होती. एक घरच्या दुरडीतील, आणि दुसरी गावकीच्या कामाच्या बदल्यात, संध्याकाळी दारोदार फिरून, हाक मारून मागितलेली. दुसऱ्या भाकरीचे तुकडे अनेक घरांचे, अनेक धान्यांचे असत. ते उन्हात वाळवून ठेवले जात आणि अडचणीच्या दिवसांत पाण्यात उकडून खाल्ले जात. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि हे शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले, ते या दुसऱ्या भाकरीविषयी होते. माझ्या आजोबांच्या पिढीने ते मानले आणि त्यासाठी उपासही काढले. मात्र सोडलेल्या तुकड्यांची लाज पुढील पिढ्यांत पहिल्या भाकरीवरही पसरली. आईने स्वतःच्या शेतातील, स्वतः दळलेल्या ज्वारीची भाकरी आणली आणि मी ती अंधारात खाल्ली, तेव्हा मी नेमकी हीच गल्लत करीत होतो. लाज धान्याची नव्हती, शिळेपणाचीही नव्हती. ती मागून मिळण्याची होती, आणि आईची भाकरी मागून मिळालेली नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांच्या अन्नाची नोंद केली आहे. ती वाचताना ज्यांना आपल्या चुलीची आठवण होईल, त्यांना हा फरक अधिक खोलवर जाणवेल.

दुपार

दुपारचे जेवण शेतात, बांधावरच्या लिंबाखाली. भाकरी फडक्यात, कोरड्यास गाडग्यात किंवा डब्यात. ‘कोरड्यास’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. भाकरी कोरडी न लागावी म्हणून तिच्याबरोबर जे काही असेल ते कोरड्यास, मग ती पातळ आमटी असो, पिठले असो वा घट्ट झुणका. आज ‘भाजी’ म्हणतात, पण भाजी दररोज कोठे असे?

पिठल्याला लागते काय? मूठभर हरभऱ्याचे पीठ, कांदा, मिरची, लसूण, आणि चमचाभर तेल. येसराची आमटी याहून स्वस्त: गहू, हरभरा, धणे, मिरी यांसारखे पदार्थ भाजून दळून ठेवलेले पीठ वर्षभर घरात असे, आणि भाजीच नसलेल्या दिवशी ते पाण्यात कालवून उकळले की जेवण होई. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी हाताने वळून उकळत्या रश्श्यात सोडली जात. तूर घरची असेल तर डाळ. पावसाळ्यात बांधावर आणि पडीक जमिनीत आपोआप उगवणारे तांदुळजा, घोळ, तरोटा, कुर्डू, पाथरी हे पैसे न लागणारे भाजीचे दुकान. अंबाडीचा पाला उकडून, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी दिलेली भाजी आठवली की आजही मला भूक लागते. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला कच्चाच चिरून, तेल, तिखट, मीठ आणि शेंगदाण्याचा कूट घालून घोळाणा करीत. त्याला चूलही लागत नसे. आंबट चुका, मेथीची कोवळी पाने, कांद्याची पात, मुळा, हे सारे कच्चे भाकरीबरोबर असत.

या ताटाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दोन भाकरींना सुमारे १६० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिने असल्याने भाकरीतून १६ ग्रॅम मिळतात. पिठल्यातील ३० ग्रॅम बेसनातून आणखी सहा, आणि चटणीतील १५ ग्रॅम शेंगदाण्यांतून तीन-साडेतीन. बेरीज २५च्या घरात जाते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून हा आकडा जास्त आहे, आणि तोही एका जेवणातून. शिवाय प्रथिनांचा दर्जा पाहावा. तृणधान्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तिळात आणि धान्यात मिळते. भाकरी, पिठले आणि तिळाची किंवा कारळ्याची चटणी हे तीन पदार्थ एका ताटात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. लिंबू पिळले, कच्चा पाला खाल्ला, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला तर चहातील टॅनिन तेच लोह अडविते.

परंतु या हिशेबाला एक मोठी अट आहे, आणि जुन्या अन्नाचे कौतुक करणारे ती बहुधा सांगत नाहीत. ताटात हे तिन्ही पदार्थ असले पाहिजेत. मजुराच्या घरात आषाढ-श्रावणात धान्याची कणगी रिकामी असे. डाळ विकून तेल आणले जाई. कित्येक दिवस भाकरीबरोबर फक्त मिठाच्या पाण्यात कालवलेले तिखट असे. आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरीचा चतकोर आणि गाडग्याच्या तळाची आमटी येई. माझी आई आम्हांला वाढताना ‘मला भूक नाही’ असे म्हणत असे. ती भूक नसल्याची गोष्ट खोटी होती, हे मला वसतिगृहात, सर्वांना एका पंक्तीत सारखे वाढले जाताना पाहून प्रथम कळले. ज्ञान होते, पण धान्य नेहमी नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

मधली वेळ

‘स्नॅक्स’ हा शब्द आता खेड्यातही रुळला आहे. त्याआधी ‘मधल्या वेळचे’ किंवा नुसते ‘तोंडात टाकायला’ असे म्हणत. त्याची एक वेगळीच दिनदर्शिका होती. पौषात शेतात हुरडा: ज्वारीची दुधाळ कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून, गूळ किंवा लसणाच्या चटणीबरोबर. त्याच सुमारास हरभऱ्याचे ढाळे. तेच पाल्यापाचोळ्यात भाजले की कोठे हावळा, कोठे हुळा. बोरे, चिंचा, उसाचे कांडे हे तर मुलांनी स्वतःच मिळवावयाचे. काढणी झाली की ज्वारीच्या लाह्या. लाह्या दळून त्यांच्या पिठात ताक-मीठ किंवा दूध-गूळ कालवला की दोन मिनिटांत खाणे तयार; पाकिटातील झटपट पदार्थांचे वेड लागलेल्या पिढीने हे एकदा करून पाहावे. चैत्रानंतर वाळवणे: बाजरीच्या खारोड्या, सांडगे, कुरडया. खारोड्या कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खिशात टाकून आम्ही गुरे राखावयास जात असू. पावसाळ्यात मूग, मटकी, हुलगे, चवळी यांच्या घुगऱ्या. आणि बाराही महिने गूळ-शेंगदाणे.

या यादीत तळलेले जवळजवळ काही नाही. तेल महाग होते हे कारण उघड आहे. मात्र दुसरेही एक कारण होते: हे पदार्थ मुलांना स्वतः हाताने मिळवता, भाजता, फोडता येत होते, त्यांसाठी आईला पुन्हा चूल पेटवावी लागत नव्हती.

उलटलेले ताट

माझ्या लहानपणी गव्हाची पोळी सणाची होती आणि भाकरी रोजची. आज त्याच गावात हे उलटले आहे. खरिपातील ज्वारी, मूग, तीळ यांची जागा सोयाबीनने घेतली, जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस आला. सोयाबीन विकण्यासाठी असते. घरात शिजत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळू लागले, आणि २०२३पासून ते मोफत आहे. याने उपासमार रोखली, हे मोठेच काम आहे. आषाढातील रिकामी कणगी ज्यांनी पाहिली त्यांनी या धान्याला नावे ठेवू नयेत. पण आमच्या दुकानात मिळते ते गहू आणि तांदूळ. ज्वारी बाजारातून विकत घ्यावी लागते, आणि चांगल्या मालदांडीचा भाव मजुराच्या घराला परवडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षी शहरातील उपाहारगृहांत ज्वारीचे पदार्थ महागड्या थाळ्यांत मांडले गेले, आणि ज्या बाईच्या हातांनी आयुष्यभर भाकरी थापली तिच्या ताटात त्याच वेळी रेशनचा भात होता. पांढऱ्या तांदळात लोह १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमही नसते; ज्वारीत सुमारे ४, बाजरीत ६च्या वर.

सकाळच्या न्याहारीची जागा चहा आणि बिस्किटाने घेतली, हा दुसरा बदल. बहुतेक गोड बिस्किटांच्या पुड्यावरील तक्ता वाचला तर १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर साखर आढळेल. चहातील साखर वेगळी. दहा वाजता वर्गात डुलक्या घेणारी मुले मी पाहतो, आणि त्यांनी सकाळी काय खाल्ले हे विचारण्याची मला सवय लागली आहे.

यासाठी आयांना दोष देण्याची पद्धत आहे. ती मला अन्यायाची वाटते. आठ माणसांच्या वीस-बावीस भाकरी धुराच्या चुलीसमोर बसून थापणे, आणि त्यानंतर दिवसभर खुरपणीला जाणे, हे ज्याने केले नाही त्याने भाकरीच्या महतीवर व्याख्यान देऊ नये. बिस्किटाचा पुडा त्या बाईला सकाळचा अर्धा तास देतो. तो अर्धा तास तिला दुसऱ्या मार्गाने मिळवून देता येईल काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर घरातील मुलग्यांनी भाकरी शिकणे हे आहे. मी ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, नोकरीच्या गावी एकटा राहत असताना शिकलो. पहिल्या महिन्यातील भाकरींना भाकरी म्हणता आले नसते.

पालकांच्या पिशवीविषयी

आता पुन्हा रविवारच्या पिशवीकडे वळतो. वसतिगृहातील मुलाला आठ-पंधरा दिवस पुरेल असे काय द्यावे, असे पालक विचारतात. धपाटे द्यावेत. तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी बेसन आणि एक वाटी गव्हाचे पीठ, त्यात लसूण, जिरे आणि मिरची वाटून, हळद, मीठ, तीळ. प्रवासाला न्यावयाचे असतील तर कांदा व पाला घालू नये आणि पिठात थोडे तेल घालून घट्ट मळावे. ओल्या फडक्यावर पातळ थापून, मध्ये बोटाने भोके पाडून, तेल सोडून दोन्ही बाजूंनी चांगले भाजावेत. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नयेत. वाफ धरली की दुसऱ्या दिवशीच बुरशी येते. एरवी तीन-चार दिवस उत्तम राहतात. त्याहून जास्त टिकावे असे वाटत असेल तर सोलापूरकडील कडक भाकरी आहे. ती पापडासारखी पातळ असते आणि पाण्याचा अंश राहू दिला नाही तर कित्येक दिवस खराब होत नाही. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले हरभरे, लाह्यांचे पीठ यांना तर काहीच होत नाही.

चटण्यांत जवसाची चटणी विशेष आग्रहाने सांगेन. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो, आणि आपल्या आहारात इतरत्र ते फारसे मिळत नाही. जवस कच्चे खाऊ नये, भाजूनच खावे. तिच्या कृतीविषयी मला स्वतःला बरीच माहिती आहे असे वाटत होते. मागच्या भेटीच्या रविवारी एक आई व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसली होती. तिच्या पिशवीत बिस्किटे नव्हती. काचेच्या बरणीत जवसाची चटणी होती, आणि ती बाहेर काढावी की नाही अशा विचारात ती दिसली.

“सर, पोरगं म्हणतंय, हे आणू नको. दुसरी पोरं हसतेत.”

मी बरणी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली, आणि पोरांना बोलावून त्यांच्या हातावर ठेवली. पहिल्याने जपून चाखली, तिसऱ्याने दोनदा मागितली. तिच्या मुलाने मात्र शेवटपर्यंत हात पुढे केला नाही. तो आमच्याकडे पाठ करून बुटाची नाडी बांधीत बसला होता.

“ताई, ही कडू कशी होत नाही? माझी दरवेळी कडू होते,” मी विचारले.

“तुम्ही तव्यावरच थंड करत असाल, सर. जवस तडतडलं की लगेच परातीत काढायचं. तवा गरम राहतो, तेच्यावर राहिलं की करपतं. दोन वाट्या जवसाला बारा-पंधरा मिरच्या, एक गड्डा लसूण, जिरं थोडंसं. मीठ कांडताना. आन् मिक्सरला एकदम फिरवू नका, तेल सुटतंय. थांबून थांबून फिरवा. पंधरा दिसाचीच करायची, जास्त करून ठेवली तर खवट वास येतो.”

मी ते तेथेच वहीत उतरवून घेतले. बरणी तिने मुलाच्या पेटीवर ठेवली. बुधवारी खोलीची पाहणी करताना ती मी पाहिली, तेव्हा निम्म्याच्या खाली आली होती.